लोखंडाचा म्यू: प्रकल्प नोंदी, अमळनेर-जळगाव

६ जानेवारी २०२५, जळगाव

प्रकल्पाचा सिनॉप्सिस (आराखडा) परत आला. पहिल्याच पानावर मी ठणकावून लिहिलं होतं: सिलिकॉन स्टीलची सापेक्ष पार्यता (निर्वात पोकळीच्या किती पट चुंबकत्व लोखंड पेलतं तो आकडा) ५०००. सरांनी त्या आकड्याभोवती लाल गोल काढला आणि शेजारी लिहिलं, 'कोणत्या एचला? किती हर्ट्झला?' बाकीच्या चार पानांना हातही लावलेला नाही.

प्रकल्पातला जोडीदार म्हणाला, आकडा खोडून '२००० ते ८०००' लिहू, कोण बघतंय. परतीच्या गाडीत धरणगावपर्यंत तेच डोक्यात होतं. खोडायला तयार झालो असतो, पण त्या दोन प्रश्नांची उत्तरं माझ्याकडे खरंच नव्हती. चौथ्या वर्षाला आलो, घरी मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे, लहानपणापासून स्टॅम्पिंगच्या (कापलेल्या लोखंडी पट्ट्यांच्या) ढिगात खेळलो, आणि तरी नव्हती.

९ जानेवारी

पुस्तकात पार्यता, वर्गात परमिअॅबिलिटी, आमच्या दोघांत नुसता म्यू. व्याख्या एका ओळीची: बी भागिले एच. एच म्हणजे कॉइलमधून आपण लावलेला जोर, बी म्हणजे लोखंडाने त्याला दिलेलं उत्तर. निर्वात पोकळीत हे गुणोत्तर ठरलेलं आहे (सापेक्ष म्यू म्हणजे त्याच्या किती पट, आमचे सगळे आकडे तेच), लोखंडात मात्र ते पायरीपायरीला बदलतं. जोर थोडा असताना लोखंड आळशी, मध्यावर उत्साही आणि पुढे पोट भरल्यासारखं (सॅच्युरेशन). त्यात एसी म्हटलं की सेकंदाला पन्नास वेळा हा सगळा प्रवास उलट-सुलट. लोखंड दर वेळी मागे रेंगाळतं. या रेंगाळण्याला युइंग यांनी १८८१ च्या सुमारास ग्रीक शब्दावरून 'हिस्टेरिसिस' नाव दिलं.

म्हणून आधी ठरवून टाकलं की आमचा म्यू म्हणजे बीचं शिखर भागिले एचचं शिखर. वहीच्या पुठ्ठ्यावर मार्करने लिहिलंय. उद्या कुणी विचारलं तर निदान आम्ही काय मोजलं हे तरी सांगता येईल.

१४ जानेवारी, अमळनेर

संक्रांत. तिळगुळ वाटून झाले आणि दुकानात बसून कॉइल गुंडाळली. बाबांनी भंगारातून एक जुना ट्रान्सफॉर्मर काढून दिला. ई आणि आय आकाराच्या पट्ट्या, जाडी अर्धा मिलिमीटर, मधला पाय २५ मिलिमीटर आणि थरही २५. पट्ट्यांवरचा वार्निशचा थर धरून खरं लोखंड ५.९ चौरस सेंटिमीटर, चुंबकीय वाट सुमारे १५ सेंटिमीटर. प्रायमरी २०० फेरे, सेकंडरी ५०, मधे लेदरॉइड कागद.

नाना आमच्या दुकानात तीस वर्षं वायंडिंग करतात. त्यांनी कॉइल हातात घेऊन विचारलं, "हाई काय करी राहिना रे भाऊ?" मी म्हटलं, लोखंडाचा म्यू काढतोय. ते म्हणाले, एक इंच बाय एक इंच कोअर, व्होल्टला सात फेरे, बाकी काय काढायचंय त्यात? मी हसलो. (हे हसू ११ फेब्रुवारीला माझ्यावरच उलटलं, म्हणून इथे नोंदवून ठेवतो.)

१९ जानेवारी

सर्किट कागदावर. प्रायमरीच्या ओळीत १ ओहमचा पांढरा सिमेंटचा रेझिस्टर. त्याच्यावरचं व्होल्टेज म्हणजे करंट, त्यावरून एच, ते सीआरओच्या (व्होल्टेजची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र) आडव्या अक्षाला. सेकंडरीवरचं व्होल्टेज बीच्या बदलाच्या वेगाचं असतं, बीचं नव्हे, म्हणून रेझिस्टर-कपॅसिटरचा इंटिग्रेटर (बदलांची बेरीज करत जाणारा) लावून ते उभ्या अक्षाला. एक्स-वाय मोड लावला की पडद्यावर हिस्टेरिसिसचा लूप दिसायला हवा. घरात पडलेले १० किलोओहम आणि १ मायक्रोफॅरड घेतले. ते का चुकलं, ते पुढे.

२३ जानेवारी, जळगाव

आज प्रयोगशाळेत स्फोट. मोठा नाही, पण पोरं बाकांखाली गेली.

डिमरस्टॅट म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करायचा ऑटो ट्रान्सफॉर्मर. त्याचं आउटपुट मेनपासून वेगळं नसतं, व्होल्टेज कमी केलं तरी फेज ती फेजच. सीआरओच्या प्रोबची काळी क्लिप अर्थला असते. आम्ही ती क्लिप रेझिस्टरच्या ज्या टोकाला लावली तिथे फेज होती. फट्ट आवाज, रेझिस्टरचे दोन तुकडे, क्लिपचं टोक काळं, खालच्या मजल्यावरचा ब्रेकर पडला. लॅब असिस्टंट काकांनी एवढंच म्हटलं की तुमचं नशीब, सीआरओ जुना आहे, नवा असता तर पैसे भरून आला असतात.

आता डिमरस्टॅटनंतर ५० व्होल्टचा वेगळ्या वायंडिंगचा ट्रान्सफॉर्मर, आणि क्लिप त्याच्या सेकंडरीवरच. ही गोष्ट पहिल्या वर्षी शिकवलेली होती. काळी क्लिप बाबांना दाखवली नाही.

२ फेब्रुवारी

लूप आला. पण विचित्र: दोन्ही टोकांना स्वतःलाच छेदून पुढे जातो, माशाच्या शेपटीसारखा. जोडीदार म्हणाला, नवीन शोध लागला. दोन तास आम्ही त्या शेपटीचा अर्थ लावत बसलो.

शेपटी लोखंडाची नव्हतीच, इंटिग्रेटरची होती. १० किलोओहम आणि १ मायक्रोफॅरड यांचा कालस्थिरांक एक शतांश सेकंद, आणि ५० हर्ट्झचं एक चक्र दोन शतांश सेकंदांचं. एवढ्या उतावळ्या इंटिग्रेटरने लाट जवळजवळ अठरा अंशांनी सरकते. १० च्या जागी १०० किलोओहम लावला तेव्हा चूक दोन अंशांच्या आत आली आणि शेपटी गेली. सिग्नल दहापट लहान झाला, एक टेस्लाला (टेस्ला हे बीचं एकक) तीन दशांश व्होल्टच्या खाली. चालेल. लहान पण खरा.

५ फेब्रुवारी

लूप सुंदर, आकडा रडका. एक टेस्लाला म्यू फक्त ११००. पाच हजार लिहून बसलेल्या माणसाने हे सरांना कसं दाखवायचं? क्षेत्रफळ दोनदा मोजलं, फेरे उलगडून मोजले (२००, बरोबर), रेझिस्टर तपासला.

संध्याकाळी कोअर घेऊन दुकानात गेलो. नानांनी तो उलटा धरला, अंगठ्याच्या नखाने कडेवरून रेघ ओढली आणि हसले. मी सगळ्या ई एका बाजूने घातल्या होत्या, सगळ्या आय दुसऱ्या बाजूने. म्हणजे जिथे ते भेटतात तिथे एक सरळ सांधा, आणि सांध्यात कागदाएवढी हवा. "लोखंड तेच शे, तुना हात नवा शे," म्हणाले, आणि पट्ट्या काढून एक इकडून, एक तिकडून अशा आलटून-पालटून भरल्या. वीस मिनिटं लागली.

रात्री पुन्हा मोजलं. एक टेस्लाला म्यू ४४००.

हिशेब करून पाहिला, कारण विश्वास बसेना. ४४०० म्यू असलेल्या १५० मिलिमीटर लोखंडापुढे वाटेतली एक दशांश मिलिमीटर हवा म्हणजे ४४० मिलिमीटर लोखंडाएवढा अडथळा. वाट चौपट लांब झाल्यासारखी, म्हणून म्यू चौथ्या हिश्श्यावर. आलटून-पालटून भरल्यावर फ्लक्सला (चुंबकीय प्रवाहाला) सांध्यापाशी शेजारच्या अखंड पट्टीत उडी मारता येते. म्हणजे आधीचे ११०० हे लोखंड अधिक माझा हात अधिक हवा, या सगळ्यांचे मिळून होते. मोजमापात चूक नव्हती, आम्ही दुसरीच वस्तू मोजत होतो.

११ फेब्रुवारी

दिवसभर रीडिंग. खालून वर जात घेतली, दर वेळी आधी डिमरस्टॅट पूर्ण वर नेऊन सावकाश शून्यावर आणला, म्हणजे जुनं चुंबकत्व पुसलं जातं.

०.१ टेस्लाला एच ४० अँपिअर प्रति मीटर, म्यू साधारण २०००. तिथून चढत १ टेस्लाला एच १८०, म्यू ४४००. हा माथा. १.२ टेस्लाला एच ३००, म्यू ३२००. मग कडा कोसळतो: १.५ टेस्लाला एच थेट १५००, म्यू ८००. शेवटच्या अर्ध्या टेस्लासाठी करंट आठपटीहून जास्त मोजावा लागला.

आता नानांचं सात फेऱ्यांचं गणित करून पाहिलं. पन्नास हर्ट्झ, एवढा कोअर, व्होल्टला सात फेरे: बी येतो १.१ टेस्लाच्या जरा खाली. म्हणजे माथ्याच्या अगदी पलीकडे, कड्याच्या अलीकडे. तीस वर्षं त्यांचा प्रत्येक ट्रान्सफॉर्मर लोखंडाच्या सगळ्यात उत्साही जागी बसलेला आहे. त्यांनी बी-एच वक्र कधी पाहिलेला नाही. मी त्यांना पडद्यावर दाखवला तर म्हणाले, हा तर भोपळ्याच्या बीसारखा दिसतो.

याच वक्रात आमच्या गिऱ्हाइकांची एक तक्रारही सापडली. रात्रीच्या लाइटीला गावातले बरेच पंप बंद असले की व्होल्टेज चढतं, आणि शेतकरी सांगतो की मोटार रात्री जास्त घुमते, गरम होते, पाणी तेवढंच. व्होल्टेज दहा टक्के चढलं तर बी दहा टक्केच चढतो, पण मोटार आधीच कड्याजवळ असेल तर चुंबकत्वासाठी लागणारा करंट दहा टक्क्यांवर थांबत नाही.

१३ फेब्रुवारी

कालपासून एक रीडिंग छळत होतं. १.५ टेस्लाला मल्टिमीटर ०.४८ अँपिअर दाखवतो. त्याला १.४१४ ने गुणून शिखर काढलं तर म्यू १३०० येतो, सीआरओवरून ८००. कोण खोटं?

मल्टिमीटर खोटा नाही, १.४१४ खोटं. तो गुणक साइन लाटेसाठीच आहे. आम्ही व्होल्टेज साइन देतो, म्हणून बी साइन राहतो. मग करंटला वाकावंच लागतं. पडद्यावर करंट पाहिला तर बराच वेळ शांत, आणि मधेच सुळका: १.१ अँपिअरच्या वर. त्या सुळक्यात तिसरा हार्मोनिक (तिप्पट फ्रिक्वेन्सीची लाट) भरलेला आहे. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये पिढ्यान्‌पिढ्या १.४१४ ने गुणून काढलेले म्यू आहेत, आणि सगळे बरोबरची खूण मिळालेले. माझंही त्यात एक आहे, दुसऱ्या वर्षाचं.

२० फेब्रुवारी

मित्राच्या भावाकडून हातातला एलसीआर मीटर (कॉइलचा इंडक्टन्स मोजणारा) मिळाला. तोच कोअर, तेच २०० फेरे. १०० हर्ट्झला १४९ मिलिहेन्री, १ किलोहर्ट्झला १३७, १० किलोहर्ट्झला ३७. १०० किलोहर्ट्झला मीटर काहीबाही दाखवतो, तिथे फेऱ्यांमधला कपॅसिटन्सच बोलत असावा, तो आकडा सोडून दिला.

पहिला धक्का: १४९ मिलिहेन्रीचा म्यू होतो साधारण ७५०. आमच्याकडे ४४०० आहे! मग लक्षात आलं की मीटर कोअरला अगदी इवलासा करंट देतो. तेवढ्या जोराला लोखंड जागंच होत नाही. हा प्रारंभिक म्यू. रेली यांनी १८८७ मध्येच दाखवलं होतं की अगदी खालच्या टोकाला म्यू एचबरोबर सरळ रेषेत वाढतो, आणि त्या रेषेची सुरुवात शून्यापासून नसते. आमची सुरुवात ७५० ला.

दुसरा धक्का १० किलोहर्ट्झचा. पट्ट्या त्याच, जोर जवळपास तोच, आणि म्यू चौथ्या हिश्श्यावर. बदलत्या फ्लक्सने पट्टीच्या आतच भोवरा प्रवाह फिरतात आणि ते फ्लक्सला आत शिरू देत नाहीत. किती खोलवर शिरू देतात त्याचं सूत्र आहे: रोधकता भागिले पाय, फ्रिक्वेन्सी आणि म्यू (इथे सापेक्ष नव्हे, पूर्ण) यांचा गुणाकार, त्याचं वर्गमूळ. सिलिकॉन स्टीलला आमच्या म्यूने १० किलोहर्ट्झवर ही खोली येते ०.१२ मिलिमीटर. पट्टी अर्धा मिलिमीटर जाड. म्हणजे दोन्ही बाजूंची साल चुंबक होते, गाभा नुसता वजन भरतो. १ किलोहर्ट्झला खोली ०.३९, तिथे पट्टीला जेमतेम फरक पडतो. स्लॅबचं पूर्ण सूत्र लावून १० किलोहर्ट्झचं उत्तर काढलं: ३६.३ मिलिहेन्री. मीटर म्हणतो ३७.

या सबंध प्रकल्पात कागद आणि लोखंड एकमेकांशी इतकं जुळल्याचं हे पहिलंच ठिकाण. जोडीदाराने चहा पाजला.

२८ फेब्रुवारी

विज्ञान दिन. गावातल्या शाळेत काहीतरी दाखवा म्हणाले. बी-एच लूप पाचवीच्या पोरांपुढे काय दाखवायचा? मग बार्कहाउसेनचा १९१९ चा प्रयोग नेला. मऊ लोखंडाची पट्टी, तिच्यावर बारीक तारेचे काही हजार फेरे (जळालेल्या रिलेची कॉइल), जुन्या टेपचा अॅम्प्लिफायर, स्पीकर. चुंबक सावकाश पट्टीजवळ नेला की स्पीकरमधून चरचर येते. लोखंडातले चुंबकी प्रदेश सरकताना अडथळ्यांना अडकतात आणि एकेक करून झटक्याने सुटतात, तो आवाज. सावकाश जोर वाढवला तरी उत्तर गुळगुळीत येत नाही, तुकड्यातुकड्यांनी येतं.

एक मुलगी म्हणाली, ज्वारीच्या लाह्या फुटतायत. दुसऱ्याने विचारलं, सगळ्या फुटल्या की मग? मी म्हटलं, मग सॅच्युरेशन. त्याने मान डोलावली, जणू रोजचंच आहे.

८ मार्च

भरीव लोखंडाची पाळी. लेथवाल्याकडून साध्या एमएसची (माइल्ड स्टीलची) अंगठी कातून आणली: बाहेरून ८० मिलिमीटर, आतून ५६, उंची १२. म्हणजे छेद १२ बाय १२. सांधा नाही, हवा नाही, २० गेजच्या तारेचे १५० फेरे. यात कोणाच्या हाताचा दोष काढता येणार नाही.

२००० अँपिअर प्रति मीटर एचला बी निघाला ०.४८ टेस्ला. म्यू १९०. पडद्यावर लूप फुगलेला, पुरणाचा मांडा खापरावर टाकल्यासारखा. एवढ्या एचला साधं लोखंड डीसीवर एक टेस्ला सहज ओलांडतं.

५० हर्ट्झ म्हणजे आपल्याला सावकाश वाटतात, बल्ब, पंखे, भुसावळच्या गाड्यांवरची २५ हजार व्होल्टची तार, सगळं त्यावरच. पण म्यू १००० धरला तर साध्या लोखंडात फ्लक्स शिरतो ०.८७ मिलिमीटर. बारा मिलिमीटरच्या छेदात चारी बाजूंनी साल वापरली जाते, आतलं सगळं लोखंड उपाशी. दहा मिनिटांत अंगठी हाताला चांगली गरम लागायला लागली. थोडी उष्णता तारेची, पण बरीचशी सालीची. पट्ट्या का कापतात हे पाठ होतं, आज हाताला कळलं.

सिलिकॉन का घालतात हेही याच सूत्रात आहे. साध्या लोखंडात तीन टक्के सिलिकॉन गेलं की रोधकता साधारण तिप्पट होते. भोवऱ्यांना फिरायला जड जातं.

१५ मार्च

काल धुळवड, आज हात अजून गुलाबी, मीटरच्या बटणांवरही गुलाबी. फेराइटवर थोडं. मँगनीज-झिंक फेराइटची रिंग ५० हर्ट्झवर सज्जनासारखी वागते: लूप अरुंद, ०.४ टेस्लाच्या आसपास संपतो. १० किलोहर्ट्झला म्यू हलत नाही, कारण ती धातू नाहीच, भाजलेली ऑक्साइडची माती आहे, भोवऱ्यांना वाटच नाही. फार काही लिहिण्यासारखं नाही.

२४ मार्च

लिहिण्यासारखं निघालं. कॉम्प्युटरच्या जुन्या सप्लायमधली हिरवी रिंग, २० फेरे, २.१ मिलिहेन्री. दुकानात वार्निश सुकवायची पेटी आहे, ती १५० अंशांपर्यंत जाते. रिंग आत, तार बाहेर, एलसीआर मीटर स्टुलावर. बाहेर उन्हाचा पारा चाळिशीच्या पुढे, आत पेटी, मधे मी.

११० अंशांना इंडक्टन्स वाढून २.९. जोडीदार खूश. १२५ च्या पुढे डगमगला, आणि १४० च्या आत कोसळून काही दहा मायक्रोहेन्रींवर आला. क्यूरी तापमान ओलांडलं, चुंबकत्वच गेलं. पेटी उघडून रिंग गार होऊ दिली, अर्ध्या तासात पुन्हा २.१. मरणाच्या उंबरठ्यावर म्यू उसळतो, हे हॉपकिन्सन यांनी एकोणिसाव्या शतकातच लोखंडात पाहिलं होतं. लोखंडाचं क्यूरी तापमान ७७० अंश, त्यासाठी आमची पेटी पुरणार नाही. उच्च म्यूची फेराइट मात्र इतक्या स्वस्तात मरून दाखवते.

बाबा दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, "लोखंड तापवून गार केलं तर ते पहिल्यासारखं होतं, बरोबर?" मी म्हटलं, क्यूरीच्या बाबतीत हो. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. पण त्यांचा प्रश्न फेराइटबद्दल नव्हता, हे मला रात्री समजलं.

५ एप्रिल, अमळनेर

पाच हॉर्सपॉवरची जळालेली मोटार. जुनं वायंडिंग काढायची आमची पद्धत: एका बाजूची डोकी (कॉइलची बाहेर आलेली टोकं) छिन्नीने उडवायची, स्टेटर (मोटारीचा न फिरणारा भाग) आगीत टाकायचा, इन्शुलेशनची राख झाली की तांबं ओढून काढायचं. सगळीकडे अशीच करतात. बाबा पंचवीस वर्षं अशीच करतायत.

आगीआधी मी स्टेटरच्या पोकळीतून आणि बाहेरून जाड केबलचे २० फेरे घेतले, बी मोजायला एक बारीक सर्च कॉइल घेतली, आणि पाठीच्या (स्लॉटमागच्या) लोखंडात १.२ टेस्ला आणला. दहा व्होल्टच्या आसपास लागले. जोडीदाराने शंका काढली की आत जळालेलं वायंडिंग शॉर्ट आहे, ते रीडिंग बिघडवेल. नाही बिघडवत: हा फ्लक्स पाठीतून गोल फिरतो आणि वायंडिंगच्या कॉइल सगळ्या पाठीच्या आतल्या अंगाला, त्यांच्या वेटोळ्यात तो येतच नाही. कास्ट आयर्नच्या बॉडीचा थोडा वाटा मात्र रीडिंगमध्ये आहे, ती काढता आली नाही. आधीचं आणि नंतरचं दोन्ही बॉडीसकट घेतलं.

लूपच्या क्षेत्रफळावरून नुकसान, म्हणजे लोखंडात उष्णता होऊन जाणारी वीज: आगीआधी ३१ वॅट. आगीनंतर ४६.

तीच मोटार, तेच लोखंड, तेवढाच बी. म्यूही पडला होता, पण डोळ्यांत भरला तो लूपचा फुगीरपणा. अर्धा तास चालू ठेवून पाठीवर हात फिरवला तर एक जागा इतर ठिकाणांपेक्षा स्पष्ट गरम. आगीत पट्ट्यांवरचा इन्शुलेशनचा थर जळाला आणि तिथे पट्ट्या एकमेकींना चिकटून अंगठीसारख्या भरीव झाल्या, असं माझं मत. कोअर ३६०-३७० अंशांच्या वर जाऊ देऊ नये असं मोटार दुरुस्तीचं मार्गदर्शन सांगतं. आमच्या आगीला थर्मामीटर नाही. स्टेटर लालसर दिसला की काढायचा, आणि लालसर म्हणजे पाचशेच्या पुढे.

आकडे बाबांना दाखवले. "काय बी होत नही," नाना मधेच म्हणाले, "गिऱ्हाईक परत आलंय का कधी?" बाबा काही बोलले नाहीत.

१२ एप्रिल

आणखी एक स्टेटर, तेवढाच. या वेळी आग नाही. डोकी छिन्नीने उडवली, पेटीत १५० अंशांवर दुपारभर ठेवला, वार्निश मऊ पडल्यावर गरम असतानाच तांबं स्लॉटमधून ओढलं. नानांचे दोन तास जास्त गेले, शिव्याही गेल्या. आधी २९ वॅट, नंतर ३०.

दोन स्टेटरवरून सिद्ध काहीच होत नाही, हे अहवालात स्पष्ट लिहायचं. सर म्हणाले, लिहा, आणि आणखी मोजा.

२१ एप्रिल

अहवाल. आलेख काढताना एक गोष्ट जुळवून पाहिली: स्टाइनमेट्झ यांनी १८९२ मध्ये सांगितलं की हिस्टेरिसिसचं नुकसान बीच्या १.६ व्या घातात वाढतं. म्हणजे बी दुप्पट केला तर लूप साधारण तिप्पट. आमच्या ट्रान्सफॉर्मरला ०.५ वरून १ टेस्लाला जाताना ३.३ पट. उरलेलं भोवरा प्रवाहाचं, ते वर्गात वाढतं. बरं वाटलं.

सिनॉप्सिसमधली पाच हजारांची ओळ काढली. त्या जागी आता पाऊण पानाचा तक्ता आहे: एच, फ्रिक्वेन्सी, पट्टीची जाडी, सांधा, तापमान.

३० एप्रिल

आखाजी (अक्षय्य तृतीया). ताई काल सासरहून आली, अंगणातल्या निंबाला झोका बांधलाय, आमरस सुरू. दुकान बंद.

तरी दुपारी एक पाहुणा मोटार घेऊन दारात: केळीला पाणी द्यायचंय, काहीही करा. बाबांनी ती उतरवून घेतली आणि ताटावरून मला हाक मारली, "आधी रीडिंग घे." हे त्यांनी पहिल्यांदाच म्हटलं.

केबल गुंडाळली, १.२ टेस्ला. ५३ वॅट. अजून आग नाही, छिन्नी नाही, काही नाही. मी पुन्हा मोजलं, सर्च कॉइल बदलून मोजलं. ५३.

बाबांनी बॉडीवरची धूळ बोटाने पुसली. जॉब नंबर पंचने ठोकलेला असतो, प्रत्येक दुकानाचा ठोकण्याचा ढंग वेगळा. हा आमचा होता, आणि नंबरापुढे वर्ष: २१. त्यांनी अंगठा त्या आकड्यांवरून एकदा फिरवला, मग पाहुण्याला म्हणाले, पेटीत घालून काढतो, उद्या संध्याकाळी या. मजुरी निम्मी लावली. नाना झोक्याच्या दोरीची गाठ तपासत उभे होते, त्यांनी ऐकलं.

पेटी १५० वर लावलीय. वहीत या स्टेटरपुढे 'आधी' या रकान्यात ५३ लिहिलंय. 'नंतर'चा रकाना उद्या.